थकहमी कारखान्याला, थकवा बाईला

बैठकीत अर्थसंकल्पाचा विषय निघाला की निम्म्या जणी चहाचे बघायला उठतात. कुणाला हिणवण्यासाठी हे लिहीत नाही; उठणाऱ्यांत मीही असायचे. हुंडा, मारहाण, पोटगी, रेशन, दारू यांवर आपण रात्र रात्र बोलतो. पण तूट, पुरवणी मागण्या, थकहमी असले शब्द कानावर पडले की वाटते, हे काम आमदारांचे, बँकवाल्यांचे, पुरुषांचे. आणि आपल्याला तसे वाटावे हेच त्यांच्या सोयीचे असते.

माझे उठणे बंद झाले ते बीड जिल्ह्यातल्या एका गावी. दिवाळी तोंडावर होती, टोळ्या निघायच्या होत्या, आणि आम्ही आरोग्यावर बैठक घेतली होती. पस्तिशीही न गाठलेली एक बाई पुढे बसली होती. पिशवी काढून तीन वर्षे झालेली. ऑपरेशनचे पैसे मुकादमाकडून घेतलेले आणि ते उचलीत मिळवलेले. म्हणजे पिशवी काढल्याचे कर्ज ती अजून ऊस तोडून फेडत होती. ज्या कारखान्याच्या फडात ती जायची तो मध्ये दोन हंगाम बंद होता. मग सरकारने हात दिला आणि धुराडे पुन्हा पेटले, हे तिला पक्के ठाऊक होते. तिने विचारले की कारखाना बुडाला तर त्याला सरकार उचलते, मग मी बुडाले तर मला मुकादमानेच का उचलायचे? मला उत्तर देता आले नाही. आम्ही बचत गटाचे, आरोग्य कार्डाचे काहीबाही सांगितले. तिने ऐकून घेतले आणि भाकरी थापायला निघून गेली.

उत्तर शोधत मी एका सरकारी कचेरीत गेले. कोणत्या कारखान्याला किती रुपयांची हमी दिली आहे त्याची यादी मागितली. तिथल्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिले आणि महिलांच्या योजनांचे टेबल खालच्या मजल्यावर आहे असे सांगितले. तर मैत्रिणींनो, त्या टेबलाकडे न जाता जे समजले ते तुमच्यापुढे ठेवते.

थकहमी म्हणजे जामीनकी. गावच्या सोसायटीतून कर्ज काढताना जामीनदार लागतो, आणि कर्जदाराने थकवले की नोटीस जामीनदाराच्या दारात येते, हे आपल्यातल्या कितीतरी जणींनी भोगले आहे. सहकारी साखर कारखाना बँकेकडून कर्ज घेतो तेव्हा पुष्कळदा राज्य सरकार असेच जामीन राहते. यातली मेख बघा. हमी देण्याच्या दिवशी तिजोरीतून एक पैसाही बाहेर जात नाही. पैसा जात नाही म्हणून सभागृहापुढे मागणी मांडावी लागत नाही. मंत्रिमंडळ ठरवते, शासन निर्णय निघतो, सही होते. काही वर्षांनी कारखाना हप्ते थकवतो, बँक सरकारकडे बोट दाखवते, आणि ती रक्कम पुरवणी मागण्यांच्या जाडजूड पुस्तकात एक ओळ होऊन येते. शेकडो ओळींतली एक. अधिवेशनाचे दिवस संपत आलेले असतात, मागण्या एकगठ्ठा मताला टाकल्या जातात, ‘होय’चा आवाज होतो, विषय संपतो. एखाद्या आमदाराला विरोध करावासा वाटला तरी तो काय करणार? शब्द पाच-सात वर्षांपूर्वीच देऊन झालेला असतो, तोही सभागृहाला न विचारता.

हे संविधानाला धरून आहे असे कुणी म्हणेल. आहेच. कलम २९३ प्रमाणे राज्य सरकारला एकत्रित निधीच्या तारणावर कर्ज काढता येते आणि हमी देता येते. विधिमंडळाने कायद्याने मर्यादा घातली असेल तर त्या मर्यादेत. म्हणजे लगाम विधिमंडळाच्या हाती दिलेला आहे. तो खेचायचा की नाही हे ठरवणारे जे लोक आहेत त्यांतले किती जण स्वतः कारखान्यांचे चेअरमन, संचालक किंवा त्यांचे भाऊ-जावई आहेत, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचारावे.

थकहमी हा एक दरवाजा झाला. दुसरा भागभांडवलाचा. कारखाना उभारताना सभासदांचे दहा टक्के, शासनाचे तीस, आणि साठ टक्के कर्ज, अशी रीत बरीच वर्षे चालली. १९५० साली प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी पहिला सहकारी कारखाना सुरू केला त्यामागे सावकारी मोडण्याचा हेतू होता, तो खोटा नव्हता. शासनाने अशा कामात पैसा घालावा यात वावगे काहीच नाही. तिसरा दरवाजा केंद्राच्या पॅकेजांचा. २०१४ साली कारखान्यांसाठी ६,६०० कोटींच्या बिनव्याजी कर्जाची योजना आली, २०१५ साली ६,००० कोटींची सवलतीच्या कर्जाची. २०१८ पासून साखरेला किमान विक्री दर बांधून मिळाला, इथेनॉलसाठी व्याजात सवलत मिळाली. २०२४ हे निवडणुकांचे वर्ष. त्या वर्षी राज्य सरकारने तेरा कारखान्यांसाठी सुमारे १,९०० कोटींच्या कर्जाची शिफारस राष्ट्रीय सहकारी विकास निगमाकडे केली, आणि जामीन पुन्हा राज्याची तिजोरी.

या पैशाचा हिशेब तपासतो कोण? भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक अहवाल देतात, तो विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. अहवाल येतो तो बहुतेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, सगळे सामान बांधत असताना. पुढे तो लोकलेखा समितीकडे जातो. संकेताप्रमाणे या समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे असते, ती सचिवांना समोर बसवून जाब विचारू शकते. चांगली योजना आहे. पण सरकारने कारखान्याला काय दिले ते समितीला दिसते. कारखान्याने त्याचे काय केले ते पाहायला गेले की सहकाराची भिंत आडवी येते. कारखान्याची वह्या-पुस्तके सहकार कायद्याखालचा लेखापरीक्षक तपासतो, आणि शासनाच्या नामतालिकेतून त्याला निवडते कोण, तर कारखान्याची सर्वसाधारण सभा. ती सभा कशी चालते, माईक कुणाच्या हातात असतो, मंजूर-मंजूरचा घोष कुठून उठतो, हे सांगायला नको. संचालक मंडळावर दोन जागा स्त्रियांना राखीव आहेत. त्यांवर कुणाच्या सौभाग्यवती बसतात हेही सांगायला नको. फायदा झाला की तो सहकाराचा आणि बुडीत निघाले की ते सरकारचे, असा हा संसार आहे.

राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ २०११ च्या मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने बरखास्त केले. कर्जे कशी दिली, आजारी कारखाने कसे विकले, यावर २०१९ साली उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवायला सांगितले; पुढे पोलिसांनी प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. दोषी कोण ते न्यायालय बघेल. मला यात दुसरेच दिसते. इतकी वर्षे वर्तमानपत्रांचे रकाने भरले, त्यात पैसा कुणी खाल्ला याची चर्चा झाली. पैसा नीट वापरला असता तर तो कुणापर्यंत पोचायला हवा होता, ही चर्चा झालीच नाही. भ्रष्टाचारविरोधी लढ्यांतही बाई गैरहजरच!

आता तिच्याकडे येऊ. कारखान्याच्या कागदात ती नाही. तिथे आहे ‘कोयता’. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. म्हणजे जोडीत बाई अर्धी, आणि एकटी पडली तरी अर्धीच. उचल नवऱ्याच्या हातात मिळते, अंगठा नवऱ्याचा, फेड दोघांची. पहाटे तीन-चारला उठून चूल, पाणी, पोरांचे आवरणे, मग फड. तो तोडतो, ती पाचट काढते, मोळ्या बांधते, आणि त्या डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढते. एक दिवस चुकला की खाडा, त्याचा दंड. पाळीत कोपीत आडोसा नाही, पाणी नाही, संडास नाही. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. यातले तिचे किती, हा प्रश्न करार करणाऱ्यांनी एकमेकांना विचारल्याचे दिसत नाही.

पुढे ती दवाखान्यात जाते. पाठ, कंबर, अंगावर जाणे, आणि खाडा परवडत नाही. डॉक्टर म्हणतो, पिशवी काढून टाक, कटकट जाईल. २०१९ च्या जूनमध्ये विधान परिषदेत हा प्रश्न निघाला तेव्हा आरोग्यमंत्र्यांनी सांगितले की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ९९ खाजगी दवाखान्यांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. सहांतली एक! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत त्याच दशकात देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांत हे प्रमाण शंभरात तीन होते. वयोगट तंतोतंत सारखे नसतील, तरी सहांतली एक कुठे आणि शंभरातल्या तीन कुठे?

मग शासनाने काय केले? बीडमध्ये खाजगी दवाखान्याला पिशवी काढायची तर आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा नियम केला. लबाड डॉक्टरांना चाप बसला असेल तर बरेच आहे. पण नियम कुणावर आला ते बघा. तो आला बाईच्या पोटावर. ज्या फडात तिला आडोसा नव्हता, ज्या कारखान्याच्या वजनकाट्यासाठी तिने पाळीत मोळ्या वाहिल्या, त्याच्यावर नवी अट आली नाही. गर्भाशय काढायला परवानगी लागते. कारखान्याला कोट्यवधींची हमी देताना तुमच्या तळावर संडास आहे का, एवढे विचारायला मात्र कुणाला जमत नाही.

त्याच अधिवेशनात राज्याचा अर्थसंकल्पही मांडला गेला होता. एकाच इमारतीत, एकाच पंधरवड्यात. पिशव्यांचा प्रश्न आरोग्य खात्याला, साखरेचा पैसा सहकार आणि वित्त खात्याला. हे दोन कागद शेजारी ठेवून वाचायचे काम कुणाच्याच टेबलावर नव्हते. त्या वर्षाच्या अखेरीस नवी विधानसभा आली, तीत २८८ आमदारांत बाया होत्या २४. चोवीस जणींवर सगळा भार टाकावा असे मी म्हणत नाही, पण बाकीचे २६४ हा विषय आपणहून काढतील या भ्रमात आपण राहू नये.

कारखानदारांचे ठरलेले उत्तर असते की तोडणी कामगार आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत. आमचा करार वाहतूकदाराशी. ठीक. मग टनाचा दर ठरवायला तोडणी कामगारांच्या संघटनांसमोर कारखान्यांचा राज्य संघ कशाला बसतो? मुकादमांनी बसावे! ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून का ठरले? कामगार तुमचा नसेल तर हे दहा रुपये कशाचे? राज्यात एका हंगामात दहा कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो. दहा रुपयांप्रमाणे शंभर कोटी होतात, आणि तेवढेच शासनाने घालायचे आहेत. दर हंगामाला दोनशे कोटी. त्यांतले किती जमले, किती खर्चले, किती बायांपर्यंत गेले, हा प्रश्न प्रत्येक अधिवेशनात तारांकित प्रश्न म्हणून लागला पाहिजे. आपल्या ओळखीच्या आमदाराकडून तो लावून घेणे फार अवघड नाही. पोस्टकार्डावर मावेल एवढा तो आहे.

अटी घालता येत नाहीत, हेही खरे नाही. २०१४ आणि २०१५ च्या कर्जांना अट होतीच. उसाची थकीत बिले आधी द्यायची, आणि पैसा शेतकऱ्याच्या थेट खात्यात जायचा. कारखान्याने याद्या द्यायच्या, बँकेने वाटायचे. शेतकरी संघटित होते, रस्त्यावर होते, म्हणून ती अट आली. चांगले झाले. (सातबारावर बाईचे नाव नसल्याने त्या खात्यांतही बाया किती होत्या, हा वेगळा लेख होईल.) म्हणजे सरकारला यादी मागता येते, खाते उघडायला लावता येते, पैशाला दिशा देता येते. ऊसतोड बाईच्या बाबतीत हे सुचले नाही, इतकेच.

दुसऱ्या बाजूने काही अर्थतज्ज्ञ सांगतात की आजारी कारखाने बंद करा, करदात्याचा पैसा वाचवा. आपल्यातल्याही काही मैत्रिणींना, विशेषतः शहरातल्या, हे पटते. माझे त्यांच्याशी भांडण आहे. कारखाना बंद पडला की चेअरमन उपाशी मरत नाही. टोळीला लांबच्या कारखान्यावर, कर्नाटकात जावे लागते, उचल वाढते, पोरांची शाळा आणखी दोन महिने बुडते. मला कारखाना चालायला हवा आहे. फक्त तो माझ्या पैशावर चालत असेल तर माझ्या अटीवर चालला पाहिजे.

अटीवाचून वाचवलेल्या उद्योगाचे काय होते ते मुंबईच्या गिरण्यांत आपण पाहिले आहे. १९२०-३० च्या दशकांत त्या गिरण्यांत पाच कामगारांतली एक बाई असे, रिळिंगला, वाइंडिंगला. सुधारणेच्या नावाखाली आणि पुरुष हाच पोशिंदा या समजुतीखाली त्यांना घरी बसवत नेले. १९७४ साली सरकारने देशातल्या १०३ आजारी गिरण्या ताब्यात घेतल्या, १९८२ च्या संपानंतर १९८३ साली मुंबईतल्या आणखी तेरांचा कारभार घेतला, तोवर बाया मूठभर उरल्या होत्या. संसदेने कायदे केले, पैसा मंजूर केला, माग वाचवायचे म्हणून. माग वाचले नाहीत. २००५ साली त्यांच्या जमिनी लिलावात गेल्या, एकेक गिरणी कित्येक शे कोटींना. संपात खानावळी चालवून, उधारीवर पोरे जगवून ज्यांनी गिरणगाव तगवले, त्या बायांचे नाव कुठल्या हिशेबात आले?

तेच आता उसात होऊ घातले आहे. २०२३ साली राज्याने ऊस तोडणी यंत्रांसाठी अनुदान योजना काढली: ९०० यंत्रे, प्रत्येकाला किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांतले जे कमी असेल ते. यंत्राला माझा विरोध नाही. डोक्यावरून मोळी वाहणे हे काही कुणी टिकवावे असे काम नव्हे. पण यंत्र घेणाऱ्याला पस्तीस लाख आणि त्या यंत्रामुळे काम जाणाऱ्या बाईला काय, हे त्या योजनेत शोधून मला सापडले नाही. सभागृहाने पैसा दिला तेव्हा हे विचारायला हवे होते.

म्हणून मागणी अशी करूया. कुठल्याही कारखान्याला हमी द्यायची तर कारखान्याचे नाव, रक्कम, मुदत आणि आधीची थकबाकी हे सगळे दोन्ही सभागृहांपुढे आधी ठेवा, नंतर नव्हे. हमीपत्रात लिहा की कोयता मोडला: बाईची नोंद स्वतंत्र, ओळखपत्र स्वतंत्र, टनाच्या दरातला तिचा अर्धा वाटा तिच्या खात्यात. तळावर पाणी, संडास, पाळणाघर, महिन्यातून दोनदा बाई डॉक्टर. आणि लोकलेखा समितीने या अटी पाळल्या का हे तपासताना सहकार सचिवांच्या शेजारी आरोग्य आणि महिला-बालविकासच्या सचिवांनाही बसवावे, म्हणजे ते दोन कागद एकदाचे शेजारी येतील. अट मोडली तर पुढचा हप्ता नाही. शेतकऱ्याच्या बिलासाठी हे झाले, बाईसाठीही होते.

आपल्या चळवळीतल्या काही जणी म्हणतील की आपण हिशेबात शिरलो तर अत्याचाराची प्रकरणे कोण बघणार. माणसे कमी आहेत, हे मलाही दिसते. पण त्या बाईची पिशवी ही आरोग्याची केस म्हणून आली तेव्हा आपण धावलो, उचलीवरून मारहाण झाली तेव्हा धावलो, पोरगी तेराव्या वर्षी लग्न लावून ‘कोयता’ पुरा केला तेव्हा धावलो. प्रत्येक वेळी मागून. या सगळ्याला पैसा कुठून पुरवला जातो ते आपण एकदाही पुढे जाऊन पाहिले नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. हिवाळी अधिवेशन डिसेंबरात नागपूरला भरते, आणि डिसेंबरात ती फडात असते. एक दिवसाचा मोर्चा म्हणजे दोघांचा खाडा. पावसाळी अधिवेशन मुंबईत भरते तेव्हा ती गावी असते, खुरपणीला जाते, आणि मुकादम त्याच सुमारास पुढच्या उचलीची बोलणी करायला दारात येऊ लागतो. तेव्हा तालुक्यातल्या आमदाराकडे जायचे तर ते याच महिन्यांत, तिला बरोबर घेऊन. तिचा प्रश्न आमदाराला तिनेच विचारावा. तो मला नीट विचारता येईल असे वाटत नाही.